चोरी, अपहार आणि सातवी आज्ञा

मराठीत चोरी कोणीतरी ‘करतो’. घोटाळा मात्र बहुधा ‘होतो’. वाडीतून केळीचा घड नाहीसा झाला, तर ‘कोणी नेला?’ हा पहिला प्रश्न असतो. बँकेतून कोट्यवधी रुपये नाहीसे झाले, तर ‘घोटाळा झाला’ एवढे वाक्य पुरेसे होते. त्याला कर्त्याची गरज भासत नाही. ‘घोटाळा’ या शब्दाचा मूळ अर्थच गोंधळ, गफलत असा आहे. तारखांचा घोटाळा होतो, नावांचा होतो, लगीनघाईत सामानाचा होतो. १९९२ साली मुंबईच्या शेअर बाजारातील आणि बँकांच्या रोखे व्यवहारांतील जे प्रकरण उघडकीस आले, त्यालाही आपण ‘रोखे घोटाळा’ म्हटले. जणू कोणाच्या तरी हातून कागद इकडचे तिकडे झाले!

उलटपक्षी ‘चोरी’ हा शब्द आपण इतका सढळ हाताने वापरतो की त्याला आकारच उरलेला नाही. करचोरी, वीजचोरी, वाङ्मयचौर्य, कामचोर, अंगचोर – सारे एकाच घराण्यातले. म्हणजे लहानसहान गोष्टींना चोरी म्हणायला आपण कचरत नाही आणि खरोखर मोठा अपराध समोर आला की शब्द मवाळ होतो. ही केवळ भाषेची लकब असती, तर तिच्यावर लिहिण्याचे कारण नव्हते. परंतु याच गोंधळाची एक सावली फौजदारी कायद्यावर, पोलीस तपासावर आणि (हे मला अधिक महत्त्वाचे वाटते) आपल्या सदसद्विवेकबुद्धीवर पडलेली आहे.

प्रथम कायद्याचे पाहू. मेकॉले यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने १८३७ मध्ये मसुदा केलेली, १८६० मध्ये संमत झालेली आणि १८६२ च्या १ जानेवारीपासून लागू झालेली भारतीय दंडसंहिता दीडशेहून अधिक वर्षे चालली. १ जुलै २०२४ पासून तिची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली. पण चोरीची व्याख्या जवळजवळ तीच राहिली. कायद्याच्या दृष्टीने चोरी होण्यासाठी वस्तू जंगम हवी, ती दुसऱ्याच्या ताब्यात हवी, त्याची संमती नसावी, हेतू अप्रामाणिक असावा आणि त्या हेतूने वस्तू जागची हलवलेली असावी. यांतले एक जरी कमी पडले तरी ती चोरी नव्हे.

व्याख्या मोठी नेमकी आहे. इतकी नेमकी की तिचे परिणाम आपल्या वाडीत उभे राहून पाहिले तर हसावे की रडावे ते कळत नाही. जमीन जंगम नसल्यामुळे जमिनीची चोरी होऊच शकत नाही. जमिनीत उभे असलेले झाड चोरता येत नाही. ते तोडून जमिनीपासून वेगळे केले की मात्र चोरीचा विषय होते. म्हणून केळीचा एक घड कापून नेणारा भुकेला माणूस कायद्याने चोर ठरतो आणि बनावट कुलमुखत्यारपत्राच्या आधारे ती सबंध वाडी विहिरीसकट गिळंकृत करणारा चोर ठरत नाही. त्याला वेगळी कलमे लागतात: बनावट दस्तऐवजाचे, फसवणुकीचे. ती अधिक कडकही आहेत, हे मान्य केले पाहिजे. पण ‘चोर’ हा शब्द ज्याच्या मागे लागतो तो घडवाला.

विजेचेही तसेच. वीज ही हलवता येण्याजोगी ‘वस्तू’ नव्हे. म्हणून आकडा टाकून वीज घेणे ही दंडसंहितेच्या अर्थाने चोरी होत नव्हती. १९१० च्या वीज कायद्यात एक स्वतंत्र कलम घालून ती ‘चोरीच समजावी’ असे ठरवावे लागले. उलट, १९६० च्या दशकाच्या आरंभी सर्वोच्च न्यायालयापुढे राजस्थानातील अलवर येथील एका सरकारी अधिकाऱ्याचे प्रकरण आले. त्याने कार्यालयातील फाइल अल्पकाळापुरती बाहेर नेली, एका परिचिताच्या हाती दिली, तीतले काही कागद बदलले गेले आणि फाइल परत आली. ती चोरीच, असा निर्णय झाला. कारण वस्तू तात्पुरती का होईना, पण ताब्यातून हलली होती. वस्तुतः त्या अधिकाऱ्याचा खरा अपराध कोणता? फाइल नेणे, की ज्या कागदांची राखण त्याच्याकडे सोपवली होती त्या कागदांशी बेइमानी करणे? फाइल तर परत आली होती! चोरीच्या साच्यात बसवल्यामुळे त्याला शिक्षा झाली हे खरे. पण साच्याने त्याच्या अपराधातील सर्वांत किरकोळ भाग तेवढा पकडला.

हा साचा आला कुठून? रोमन कायद्यातील ‘फुर्तुम’ ही कल्पना पुष्कळ विस्तृत होती. ठेव म्हणून सोपवलेली वस्तू परस्पर वापरणाऱ्यालाही ती चोर ठरवू शकत असे. इंग्रजी कायदा मात्र ‘ताब्याच्या’ कल्पनेला चिकटून राहिला. ज्याच्या हाती वस्तू मालकाने स्वतःहून दिली, त्याने ती हडप केली तर ताब्याचा भंग कुठे झाला, असा प्रश्न तेथील न्यायाधीशांना शतकानुशतके पडत असे. १४७३ मध्ये एका वाहतूकदाराने पोहोचवण्यासाठी दिलेले गठ्ठे फोडून आतला माल घेतला. गठ्ठा त्याच्या ताब्यात होता, पण आतला माल नव्हता, अशी कसरत करून त्याला दोषी ठरवावे लागले. १७९९ साली लंडनच्या एका बँकेतील रोखपालाने ग्राहकाने भरलेली १०० पौंडांची नोट ग्राहकाच्या खात्यावर जमा दाखवली आणि स्वतःच्या खिशात घातली. नोट बँकेच्या पेटीत कधी पडलीच नव्हती, म्हणजे बँकेच्या ताब्यात आली नव्हती. म्हणून ती चोरी नव्हे, असे ठरून तो सुटला. त्याच वर्षी इंग्लंडच्या पार्लमेंटने अपहाराचा स्वतंत्र कायदा केला.

हे न्यायाधीश मूर्ख नव्हते. त्या काळी चोरीला फाशीची शिक्षा होऊ शकत असे. व्याख्या रुंद करणे म्हणजे फासाची दोरी लांब करणे होते. त्यांची कायदेनिष्ठा आणि त्यांची दया एकाच दिशेने काम करत होती. पण परिणाम असा झाला की अपहार आणि फसवणूक हे गुन्हे कायद्यात स्वतःच्या नावाने, स्वतःच्या स्वरूपासह जन्माला आलेच नाहीत. ते चोरीच्या कापडाला लावलेली ठिगळे म्हणून आले.

आपल्या दंडसंहितेने हे गुन्हे नीट वेगळे केले, हे तिचे मोठेपण. चोरी, अपहार, फौजदारीपात्र विश्वासघात, फसवणूक यांना स्वतंत्र कलमे दिली. आणि शिक्षेची उतरंड पाहिली तर विश्वासघाताला अधिक गंभीर मानले. साध्या चोरीला तीन वर्षांपर्यंत कैद. फसवून मालमत्ता काढून घेणाऱ्याला सात. आणि लोकसेवक, बँकर, व्यापारी किंवा दलाल या नात्याने सोपवलेल्या मालमत्तेचा विश्वासघात करणाऱ्याला दहा वर्षे किंवा जन्मठेप. कागदावर याहून अधिक स्पष्ट काय हवे? तरीही २०२४ च्या ऑगस्टमध्ये दिल्ली रेस क्लबच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाला खेदाने म्हणावे लागले की विश्वासघात आणि फसवणूक यांतील भेद इतक्या वर्षांनंतरही न्यायालयांना उमगलेला नाही आणि पोलीस दोन्ही कलमे डोळे मिटून एकत्र लावतात. विश्वासघातात मालमत्ता आधी प्रामाणिकपणे सोपवलेली असते आणि मागाहून बुद्धी फिरते. फसवणुकीत पहिल्या क्षणापासूनच हेतू खोटा असतो. एकाच वस्तूबाबत दोन्ही एकाच वेळी कसे घडतील?

मला वाटते, अडचण कलमांत नाही. अडचण आपल्या कल्पनेत आहे. कायद्याने गुन्हे वेगळे केले तरी पोलिसांच्या, वकिलांच्या, वर्तमानपत्रांच्या आणि तुमच्या-आमच्या मनातील गुन्ह्याचे मूळ चित्र चोरीचेच राहिले. या चित्राचे केंद्र आहे ‘मुद्देमाल’. चोरी म्हणजे काहीतरी गेले. तपास म्हणजे ते शोधणे. न्याय म्हणजे ते परत मिळणे. आर्थिक गुन्ह्याला हे चित्र लावले की तीन गोष्टी घडतात. मुद्देमाल दिसत नाही, म्हणून प्रकरण ‘दिवाणी स्वरूपाचे’ म्हणून ठाण्यातून परत पाठवले जाते. आरोपीने काही रक्कम भरली की ‘पैसे मिळाले ना, मग झाले’ म्हणून तडजोड होते. आणि तिसरे म्हणजे हानीची मोजदाद फक्त रुपयांत होते. गंमत अशी की विश्वासघाताने मिळवलेल्या मालाला कायदा ‘चोरीची मालमत्ता’च म्हणतो आणि नव्या संहितेने फसवणुकीने मिळवलेल्या मालाचीही त्यात भर घातली आहे. म्हणजे माल चोरीचा. नेणारा मात्र चोर नव्हे.

रुपयांत न मोजता येणारी हानी कोणती, हे समजण्यासाठी आपल्याला दूर जायला नको.

२०१९ च्या सप्टेंबरमध्ये रिझर्व्ह बँकेने पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध घातले. ठेवीदाराला आरंभी सहा महिन्यांत मिळून केवळ १,००० रुपये काढता येतील, असा आदेश होता. मर्यादा पुढे टप्प्याटप्प्याने वाढली. तपासात जे पुढे आले त्यानुसार बँकेच्या कर्जांचा फार मोठा हिस्सा, साडेसहा हजार कोटींच्या आसपास, एकाच बांधकाम उद्योगसमूहाकडे गेला होता आणि तो दिसू नये म्हणून २१,००० हून अधिक बनावट खाती दाखवली गेली होती. २०२२ च्या जानेवारीत ती बँक दुसऱ्या एका बँकेत विलीन झाली. मोठ्या ठेवी वर्षानुवर्षांच्या हप्त्यांनी परत करण्याची योजना झाली. आता पाहा, या प्रकरणात ठेवीदाराची कोणती ‘वस्तू’ कोणी ‘हलवली’? ठेव ठेवताच पैसा बँकेचा होतो. ठेवीदाराकडे उरते ते फक्त एक वचन. त्याच्या घराचे कुलूप शाबूत होते, कपाट शाबूत होते, पासबुकावरचा आकडादेखील तसाच होता. गेले ते त्या आकड्यामागचे वचन. मुलीचे लग्न, डायलिसिसचा खर्च, निवृत्तीनंतरचे घर या सगळ्या गोष्टी माणसाने त्या वचनावर उभ्या केलेल्या असतात. काही वर्षांनी रक्कम परत आली तरी ती वर्षे येत नाहीत.

दुसरे उदाहरण तर आपल्या दारातले. २०२४ च्या अखेरीपासून २०२५ च्या आरंभापर्यंत नालासोपाऱ्यात उच्च न्यायालयाच्या आदेशानुसार ४१ अनधिकृत इमारती पाडण्यात आल्या. सांडपाणी प्रक्रिया प्रकल्प आणि क्षेपणभूमी यांसाठी राखून ठेवलेल्या जागेचाही त्यांत समावेश होता. तेथे हजारो माणसे राहत होती. आयुष्याची कमाई घालून, दागिने मोडून, गावची जमीन विकून त्यांनी घरे घेतली होती. त्यांच्यापैकी कोणाचे काय चोरीला गेले? विकणाऱ्याने पैसे घेतले आणि घरही दिले. त्यांत लोक वर्षानुवर्षे राहिले, मुले तेथून शाळेत गेली. चोरीच्या चित्रात हे कोठेच बसत नाही. आणि जेव्हा यंत्रे आली, तेव्हा रस्त्यावर उभा राहिला तो फसवला गेलेला. न्यायालयाच्या आदेशावर मी टीका करीत नाही. राखीव जागा ही सार्वजनिक मालमत्ता आहे आणि तिच्यावरही कोणीतरी घाला घातलेला होता. मी एवढेच म्हणतो की शिक्षेसारखे जे काही प्रत्यक्ष घडलेले लोकांनी डोळ्यांनी पाहिले, ते बळींच्या वाट्याला आलेले होते.

येथे चोरी आणि फसवणूक यांच्यातील तो भेद पुढे येतो, जो मला सर्वांत खोल वाटतो. ॲरिस्टॉटलने देवघेवीचे दोन प्रकार मानले: इच्छेने होणारी आणि इच्छेविरुद्ध होणारी. संत थॉमस अक्वायनस यांनी हीच चौकट स्वीकारली. ‘सुम्मा थिओलॉजिका’मध्ये चोरीचा विचार ६६ व्या प्रश्नात येतो, तर खरेदी-विक्रीतील फसवणुकीचा थेट ७७ व्या प्रश्नात. कारण चोरीत बळीचा हात नसतो. फसवणुकीत बळी स्वतःच्या हाताने देतो. सही त्याची असते, सोबत पेढेही त्याचेच असतात.

म्हणूनच दोघांच्या वाट्याला येणारे दुःख वेगळे. ज्याच्या घरी चोरी झाली, त्याच्याकडे सारी आळी धावते. चहा येतो, धीर दिला जातो. ज्याची फसवणूक झाली त्याला उपदेश मिळतो: ‘कागद नीट पाहिले नव्हते का?’, ‘जास्त व्याजाचा लोभ नडला.’ तो स्वतःही म्हणतो, ‘माझे पैसे बुडाले.’ भाषेची खुबी पुन्हा पाहा. चोरीला गेलेले पैसे कोणीतरी नेलेले असतात. बुडालेले पैसे आपोआप बुडालेले असतात, विहिरीत पोहरा बुडावा तसे. धर्मग्रामात मी अशी माणसे पाहिली आहेत, ज्यांनी फसवले गेल्याची गोष्ट पत्नीलाही दोन-दोन वर्षे सांगितली नाही. चोरीचा बळी कधी अशी लाज बाळगत नाही. फसवणारा पैशाबरोबर माणसाचा स्वतःच्या अकलेवरचा विश्वास घेऊन जातो आणि पुढे तो माणूस सख्ख्या भावालाही उसने देताना दहा वेळा विचार करतो. ही हानी कोणत्या पंचनाम्यात लिहायची?

पवित्र शास्त्राने ती लिहिलेली आहे. निर्गमच्या पुस्तकात बैल-मेंढरांच्या चोराचा विचार आहे आणि तेथे हिशेब जनावरांचा आहे. पण लेवीय पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात शेजाऱ्याने विश्वासाने ठेवलेली ठेव नाकारणाऱ्याचा विचार येतो, तेव्हा सूर एकदम बदलतो. शेजाऱ्याला ठेवीच्या बाबतीत फसवणे हा तेथे परमेश्वराशीच केलेला विश्वासघात मानला आहे. म्हणून भरपाईबरोबर वेदीवर अर्पणही करावे लागते. चोरी शेजाऱ्याविरुद्ध, ठेवीतील बेइमानी मात्र देवाविरुद्ध. कारण उघड आहे. ठेव देताना साक्षीदार नसतो, कधीकधी कागदही नसतो. दोन माणसांच्या मध्ये असतो तो फक्त देव. आमोस संदेष्ट्याचा संताप बहुतांशी मापे लहान आणि वजने मोठी करणाऱ्या धान्यविक्यांवर आहे, घरे फोडणाऱ्यांवर नाही. संत याकोबाच्या पत्रात शेतमजुरांची अडवून ठेवलेली मजुरी स्वतःच ओरडते. वाडीवर राबणाऱ्या आदिवासी मजुराचे चार दिवसांचे पैसे ‘पुढच्या आठवड्यात बघू’ म्हणून ठेवणाऱ्याला कोणी चोर म्हणत नाही, कोणतेही ठाणे त्याच्या दारात शिपाई धाडत नाही. त्याने काही घेतलेले नसते. फक्त दिलेले नसते. पण संत थॉमस यांनी ही पळवाटही बंद केली आहे: दुसऱ्याचे देणे अडवून ठेवणे हे अन्यायाने घेण्यासारखेच, असे ते त्याच ६६ व्या प्रश्नात स्पष्ट करतात.

मग या सर्वांना चोरी म्हणूच नये काय? येथे मी थोडा थबकतो. कारण नाव बदलण्याच्या नादात एक धोका आहे. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ एडविन सदरलँड यांनी १९३९ साली एका अध्यक्षीय भाषणात प्रतिष्ठितांच्या गुन्हेगारीला ‘पांढरपेशांचे गुन्हे’ असे नाव दिले. १९४९ मध्ये त्यांचे पुस्तक निघाले, तेव्हा प्रकाशकाने बदनामीच्या खटल्याच्या भीतीने त्यातील कंपन्यांची नावे गाळायला लावली. संपूर्ण पुस्तक १९८३ मध्ये प्रसिद्ध झाले, लेखकाच्या मृत्यूनंतर तेहतीस वर्षांनी. रस्त्यावरच्या चोराचे नाव छापताना कोणाला अशी भीती वाटत नाही. ‘आर्थिक गुन्हा’, ‘अनियमितता’, ‘निधीचे अन्यत्र वळण’ हे शब्द तज्ज्ञांसाठी नेमके असतील; सुशिक्षित पापी माणसासाठी ते उबदार पांघरूण होतात. संत योहानाने हे पांघरूण ओढून काढले आहे. यहूदा इस्कार्योताकडे शिष्यांची पैशाची पिशवी सोपवलेली होती आणि तो तिच्यातून घेत असे. कायद्याच्या भाषेत हा निखळ विश्वासघात. वस्तू त्याच्या ताब्यात होती, म्हणजे चोरी नाही. शुभवर्तमानकार मात्र त्याला सरळ चोर म्हणतो.

१९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथानेही सातव्या आज्ञेखाली केवढी माणसे आणून बसवली आहेत! व्यापारातील लबाडी, अपुरे वेतन, दुसऱ्याच्या अडचणीचा फायदा घेऊन वाढवलेले भाव, कृत्रिम चढउतार घडवणारी सट्टेबाजी, संस्थेच्या मालमत्तेचा खाजगी उपयोग, कर चुकवणे, खोटी बिले, एवढेच काय, वाईट रीतीने केलेले काम. आणि तेथे स्पष्ट म्हटले आहे की देशाच्या कायद्याला बाध येत नसला तरी या गोष्टी आज्ञेचा भंगच होत. त्याच पानांवर, तातडीच्या आणि उघड गरजेपोटी अन्न-वस्त्र-निवारा घेणाऱ्याचे घेणे हे चोरीच नव्हे, असेही आहे. म्हणजे ख्रिस्तसभेने केळीच्या घडाचा आणि बनावट कुलमुखत्यारपत्राचा न्याय नेमका उलटा केला आहे. (नव्या न्याय संहितेने पाच हजार रुपयांच्या आतील पहिल्या चोरीला, माल परत केल्यास, समाजसेवेची शिक्षा ठेवली आहे. उशिरा का होईना, हे पाऊल योग्य दिशेचे आहे.)

माझे मत असे. न्यायालयात प्रत्येक गुन्ह्याला त्याचे स्वतःचे नाव हवे. तेथे विश्वासघाताला चोरीच्या मापाने मोजणे म्हणजे जखम न पाहता फक्त फाटलेला सदरा मोजणे होय. महाराष्ट्राने १९९९ साली ठेवीदारांच्या हितसंरक्षणाचा जो कायदा केला, त्याचा विशेष हाच की तो ‘काय हलवले’ असे विचारत नाही. ‘ठेव परत करण्याचे वचन लबाडीने मोडले काय’ असे विचारतो आणि मोडणाऱ्याची मालमत्ता जप्त करून ठेवीदारांपर्यंत पोहोचवण्याचा मार्ग दाखवतो. परंतु स्वतःच्या अंतःकरणात डोकावताना मात्र माणसाने सौम्य नाव शोधू नये. तेथे उलट नियम लागू करावा.

पापनिवेदनात ऐकलेले कोणाला सांगायचे नसते. पण तेथे सहसा काय ऐकू येत नाही, ही काही गुप्त गोष्ट नव्हे. कोणत्याही धर्मगुरूला विचारा. लहान मुले आईच्या डब्यातून घेतलेल्या रुपयाची कबुली देतात. खरेदीखतात दाखवलेल्या किमतीची, भिशीच्या बुडवलेल्या हप्त्याची, सोसायटीच्या दुरुस्तीनिधीतून काढलेल्या ‘प्रवासखर्चाची’ कबुली सातव्या आज्ञेखाली देण्याची आपल्याला सवयच नाही. आपण मनात आज्ञा वाचतो, हात तपासतो, हातात दुसऱ्याची वस्तू दिसत नाही आणि पुढच्या आज्ञेकडे वळतो.

या दृष्टीने संत लूकने सांगितलेली जक्कयाची गोष्ट पुन्हा वाचण्यासारखी आहे. जक्कय चोर नव्हता. तो यरीहोचा प्रमुख जकातदार होता. रोमी सत्तेचा परवाना त्याच्यापाशी होता, त्याची वसुली व्यवस्थेला मान्य होती. आजच्या भाषेत त्याचा अपराध फार तर ‘आर्थिक स्वरूपाचा’ ठरला असता, आणि पुरावा मिळाला असता की नाही, याचीही शंका. मोशेच्या नियमशास्त्राप्रमाणे ज्याने शेजाऱ्याला लुबाडले आणि स्वतःहून कबुली दिली, त्याने मूळ रक्कम आणि तिचा पाचवा हिस्सा एवढे परत करायचे होते. शंभराला एकशेवीस. जक्कयाला हा दर उपलब्ध होता. त्याने तो मागितला नाही. तो चौपट देतो म्हणाला, आणि चौपट हा दर निर्गमच्या पुस्तकात आहे दुसऱ्याचे मेंढरू चोरून कापणाऱ्या वा विकणाऱ्यासाठी. दाविदाने नाथान संदेष्ट्याच्या दृष्टान्तातील धनवानाला ठोठावलेला दंडही तोच होता. म्हणजे सरकारी परवाना असलेल्या त्या अधिकाऱ्याने, कोणी न सांगता, स्वतःचे वर्गीकरण मेंढरूचोरात केले.

चौपट भरपाईच्या आधी त्याने आणखी एक गोष्ट सांगितली, तिच्याकडे आपले लक्ष कमी जाते: अर्धी मालमत्ता गरिबांना. ही दोन देणी वेगळी आहेत. ज्यांची नावे त्याला आठवत होती, त्यांच्यासाठी चौपट. पण जकातनाक्यावरून वर्षानुवर्षे गेलेल्या हजारो माणसांची नावे कोणाला आठवणार? ज्याचे देणे आहे तो सापडत नसेल तर ते गरिबांना द्यावे, असे संत थॉमस यांनी भरपाईवरील ६२ व्या प्रश्नात सांगितले आहे आणि नीतिशास्त्राच्या वर्गात आम्हांला तेच शिकवले गेले. भेसळीचे दूध कोणकोण प्यायले, लहान मापाने कोणाकोणाला विकले, चुकवलेल्या कराचा दवाखाना कोणत्या गावात उभा राहायचा राहिला, याची यादी कोणीच करू शकत नाही. जक्कयाने ती केली नाही. त्याने सरळ घराचे दोन भाग केले. आणि हे त्याने उभे राहून, भर घरात, बाहेर कुरकुरणाऱ्या गावकऱ्यांना ऐकू जाईल अशा रीतीने सांगितले.